बादलीचे 170 ग्रॅम

"साहेब, दूध वाढतंय."

दूध संस्थेच्या सचिवाकडून अशी तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दूध कमी मोजतंय, फॅट कमी लागतेय, स्लिप निघत नाही, ही रोजची रड. वाढतंय म्हणून कोण फोन करतं? 2019 चा मे महिना होता, संध्याकाळचे साडेआठ वाजलेले. शिराळा तालुक्यातल्या त्या संस्थेच्या सचिवांना अख्खं गाव अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. त्यांनी सविस्तर सांगितलं. "स्लिपांची बेरीज मारली की दूध जादा. आन् कॅनं चिलिंग सेंटरला उतरली की नऊ-दहा किलो कमी. सकाळी बराबर येतंय, सांजेलाच घोळ. त्योबी रोज न्हाई. लोकं माझ्याकडं बघून हसाय लागल्यात, साहेब."

हसण्याचा अर्थ उघड होता. नऊ-दहा किलो दूध कुठंतरी जातंय आणि चावी अण्णांच्या कमरेला.

मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहितो. आमचा डबा संकलन केंद्रात टेबलावर बसतो. काटा वेगळ्या कंपनीचा, वैधमापनचा शिक्का मारलेला. तो केबलीतून एकूण वजन पाठवतो आणि आमचा डबा त्यातून बादलीचं वजन वजा करतो, फॅट मशीनकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घेतो, दर लावतो, स्लिप छापतो. बादलीचं वजन म्हणजे टेअर. पाळी सुरू झाली की रिकामी बादली काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबायचं, की झालं. त्या संस्थेची बादली स्टीलची होती, 1450 ग्रॅमची. हा आकडा मला माझ्या गाडीच्या नंबरासारखा पाठ आहे.

पहिले दहा दिवस आम्ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी केलं. संध्याकाळीच घोळ म्हणजे उन्हानं तापून काटा सरकत असणार, असं म्हणून काटेवाल्याला पाठवलं. त्यानं वजनं ठेवून दाखवली, काटा बरोबर. मग केबल बदलली. मग अण्णांवर किंवा टँकरवाल्यावर संशय, हे मी तोंडानं बोललो नाही पण मनात आलं होतं, आता लिहायला हरकत नाही. शेवटी एका शनिवारी मी स्वतः एसटीनं गेलो आणि सांजपाळीला अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्या दिवशी अर्थातच हिशोब चोख जुळला. फक्त सुरुवातीला एका सभासदाच्या नावापुढं डिस्प्लेवर एक चौकोन उमटला. "ह्यो येतोय अधनंमधनं," अण्णा म्हणाले. फॉन्टची काहीतरी भानगड असेल म्हणून मी तिकडं दुर्लक्ष केलं. सगळ्या प्रकरणाचं उत्तर त्या चौकोनात होतं, आणि मी चहा पीत त्याच्याकडं बघत होतो.

पुण्याला येताना पेनड्राइव्हवर संस्थेची सभासद यादी आणि महिनाभराच्या नोंदी घेऊन आलो. नोंदी चाळल्या तर एक गोष्ट दिसली: ज्या संध्याकाळी तूट यायची, त्या संध्याकाळी ती सभासदांच्या संख्येच्या पटीत होती. एका संध्याकाळी दूध घालणारे 58 सभासद, तूट 9 किलो 860 ग्रॅम. भागाकार करा, बरोबर 170 ग्रॅम येतात. माणशी 170. उन्हानं तापलेला काटा इतका शिस्तीचा नसतो. म्हणजे कुठल्यातरी क्षणी टेअर 1450 चा 1280 होत होता, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या दुधात 170 ग्रॅम फुकटचे मिळत होते. माणशी पाचेक रुपये. तक्रार करणार कोण?

इथं एखादा चाणाक्ष वाचक विचारेल, की मग रिकाम्या बादलीला डिस्प्लेवर 0.170 दिसायला हवं होतं, ते कुणाच्या नजरेस कसं पडलं नाही? तर त्याचं उत्तर असं, की बादलीच्या तळाला दुधाचा थर राहतो आणि आकडा 0.020, 0.035 असा नाचत राहतो, म्हणून त्याच्या दोन वर्षं आधी सगळ्याच सचिवांनी कटकट केली होती. मी डिस्प्लेपुरती सोय केली: 200 ग्रॅमच्या खालचं काहीही शून्य दाखवायचं. सगळे खूश. मीही खूश. त्या सोयीच्या पांघरुणाखाली हे 170 ग्रॅम सुखानं झोपले होते.

आता कोड. टेअर हे एक साधं चार बाइटचं ग्लोबल चल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही दिसणारा मेमरीतला कप्पा. त्यात लिहिणारी जागा सबंध प्रोग्रॅममध्ये एकच, बटण दाबल्यावरची. ती मी दहा वेळा वाचली. कोड वाचून सापडण्यासारखं तिथं काही नव्हतंच, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मग सगळे करतात तेच मी केलं, जागोजागी प्रिंटएफ, म्हणजे चालता चालता किंमत छापणाऱ्या ओळी, घातले. बग गायब. प्रिंटएफ काढले तर घोळ परत असेल, पण तो भोसरीत दिसायचाच नाही, फक्त शिराळ्यात दिसायचा. छापायला म्हणून मी 64 बाइटचा एक बफर, म्हणजे मजकूर ठेवायची तात्पुरती जागा, घेतला होता आणि तेवढ्यानं मेमरीतली सगळ्यांची घरं सरकली होती, ही अक्कल पुढे आली.

तेव्हा ठरवलं, की प्रोग्रॅमला अजिबात हात लावायचा नाही. जो फर्मवेअर गावात चालतोय तोच, तसाच, टेबलावर चालवायचा आणि बाहेरून पाळत ठेवायची. त्या आवृत्तीची ईएलएफ फाइल, म्हणजे तयार प्रोग्रॅम आणि त्यातल्या चलांचे पत्ते जिच्यात असतात ती, शोधण्यात अर्धा दिवस गेला. (ती सर्व्हरवर नव्हती. एका माजी सहकाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये होती. यावर मी वेगळा लेख लिहीन, त्यात शिव्या असतील.)

पाळत ठेवायला लागतो वॉचपॉइंट. ब्रेकपॉइंट सांगतो, प्रोग्रॅम अमुक ओळीवर आला की थांब. वॉचपॉइंटचा रोख वेगळा: ओळ कुठलीही असो, मेमरीतल्या या पत्त्याला कुणी हात लावला की थांब आणि मला हाक मार. जीडीबी या बग शोधायच्या अवजारात 'वॉच' म्हटलं की लिहिण्यावर नजर, 'आरवॉच' म्हटलं की वाचण्यावर, 'एवॉच' म्हटलं की दोन्हींवर. हे काम हार्डवेअरकडून करून घेता येतं. इंटेलनं 1985 च्या 386 प्रोसेसरमध्येच चार पत्ते ठेवण्यापुरती डीबग रजिस्टरं दिली होती, आणि आमच्या डब्यातल्या कॉर्टेक्स-एम3 प्रोसेसरमध्येही असे चार पहारेकरी आहेत. चारच, पण फुकट. हार्डवेअर नसेल तर जीडीबी बिचारा एकेक सूचना चालवून दर वेळी किंमत तपासत बसतो, आणि प्रोग्रॅम शेकडो पटींनी मंदावतो. काट्याकडून सेकंदाला दहा वजनं येत असताना ते जमणार नव्हतंच.

तर टेअरवर वॉच लावला, अण्णांची यादी भरली आणि एकेक सभासद निवडत बसलो. 112 सभासद. जीडीबी हूं नाही की चूं नाही. पुन्हा 112. मग चिडून 'एवॉच' लावला, तर तो सेकंदाला दहादा थांबायला लागला, कारण प्रत्येक वजन वजा करताना टेअर वाचला जातोच. पहारेकऱ्याला सांगितलं चोर दिसला की ओरड, आणि हा घरातली माणसं पाणी प्यायला उठली तरी ओरडतोय. अर्ध्या तासात मी एवॉच काढून टाकला. थोडा धीर धरला असता तर त्या ओरडण्यात खरा चोरही निघाला असता.

आमच्याकडं तेव्हा एक मुलगी नुकतीच लागली होती, साताऱ्याची, तीन महिने झाले असतील. ती माझ्यामागं उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "सर, बादली कुठंय?"

"कसली बादली?"

"नाही म्हणजे, तिथं बादली असते ना. आपला टेअर शून्यच आहे."

आमच्या टेबलावर काट्याचं सोंग घेणारा एक कॉम्प्युटर होता. तो वजनं पाठवायचा, पण बादलीबिदली काही नाही. टेअर कायम शून्य. जीडीबीचा 'वॉच' किंमत बदलली तरच बोलतो. शून्यावर कुणी शून्य लिहून गेलं तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यात बराच फरक आहे.

खरा काटा आणला. बादली नव्हती म्हणून त्यावर ऑफिसातला पाण्याचा स्टीलचा जग ठेवला, अर्धा भरलेला. टेअर दाबला, 1130. तिला म्हटलं, तूच दाब आता बटणं. सत्तेचाळिसाव्या की अठ्ठेचाळिसाव्या नावावर जीडीबी थांबला. जुनी किंमत 1130, नवी किंमत 1024.

हा धंदा करणाऱ्याला 1024 दिसला की वेगळं काही सांगावं लागत नाही. 1130 म्हणजे हेक्सात (सोळाच्या आधारावरचे आकडे, दोन आकड्यांचा एक बाइट) 046ए, आणि 1024 म्हणजे 0400. तसंच 1450 म्हणजे 05एए, 1280 म्हणजे 0500. कुणीतरी येऊन टेअरचा फक्त शेवटचा बाइट पुसत होतं. वजाबाकीतली चूक अशी नसते, दर उतरतानाची चूक अशी नसते. एकच बाइट, आणि त्यात शून्य. सी भाषेत एकटा शून्य बाइट जिथं-तिथं भटकतो तो एकाच कामासाठी: शब्द संपला हे सांगायला.

बॅकट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं याची साखळी, बघितला. वर स्ट्रिंग कॉपी करणारं लायब्ररीतलं फंक्शन, खाली सभासदाचं नाव डिस्प्लेच्या बफरात घालणारं माझं फंक्शन. टेअरशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि नाव होतं 'ज्ञानेश्वर 2'.

गावात दोन ज्ञानेश्वर. यादी अण्णांच्या मुलानं एक्सेलमध्ये टाइप केलेली, डिस्प्ले लहान म्हणून नुसती पहिली नावं, आणि दुसऱ्या ज्ञानेश्वराला ओळखायला पुढं एक 2. आता मोजा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं. आपण 'ज्ञानेश्वर' वाचतो ती चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. कॉम्प्युटरला ती दहा चिन्हं दिसतात: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा त्रिक तीस. एक मोकळी जागा, एकतीस. इंग्रजी कीबोर्डवरचा 2, बत्तीस. माझा बफर 32 बाइटचा. शेवटचा शून्य तेहतिसावा.

आता तुम्ही म्हणाल, लांबी तपासली नव्हती का? तपासली होती हो. माझ्याच हातची ओळ आहे: लांबी 32 पेक्षा कमी किंवा 32 असेल तर नाव जसंच्या तसं घे, नाहीतर कापून घे. त्यातला 'किंवा 32' एवढाच काय तो गुन्हा. नाव 31 चं असतं तर मावलं असतं. 33 चं असतं तर कापलं गेलं असतं. बरोबर 32 बाइटचं नावच तेवढं कुंपण ओलांडायचं, तेही एका पावलानं. डबा इंग्रजीत होता तोवर 32 अक्षरांचं नाव कुणाचंच नव्हतं. आम्ही मोठ्या कौतुकानं मराठी नावं आणली आणि मगच हे शक्य झालं. अण्णांच्या मुलानं 2 ऐवजी मराठी २ टाइप केला असता तरी 34 बाइट झाले असते, नाव कापलं गेलं असतं, आणि हा बग आजही तिथं तसाच बसला असता.

लिंकरची मॅप फाइल, म्हणजे मेमरीत कोण कुठं राहतो याची यादी, उघडली. नावाचा बफर 200014ए0 पासून 200014बीएफ पर्यंत, आणि त्याला खेटून 200014सी0 वर टेअर. मध्ये भिंतसुद्धा नाही. आधीच्या आवृत्तीत तिथं एक न वापरलेलं चल होतं, ते मी 'कोड स्वच्छ करताना' काढलं. या चिपवर संख्येचा धाकटा बाइट आधी ठेवतात, म्हणून पाऊल नेमकं त्याच्यावर पडायचं. थोरला बाइट आधी ठेवणारी चिप असती तर शून्य शून्यावरच पडला असता, आणि आम्ही सगळे गुण्यागोविंदानं नांदलो असतो.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. हा दुसरा ज्ञानेश्वर एमआयडीसीत कायमच्या रात्रपाळीला. संध्याकाळी कामावर जाण्याआधी दूध घालायला पहिला हजर, सकाळी परत येऊन घालायचा तो शेवटचा. म्हणून सांजपाळीला सगळ्या गावाच्या दुधात 170 ग्रॅम, आणि सकाळी त्याच्यामागं कुणीच नाही, त्याच्या एकट्याच्या 170 ग्रॅमकडं कोण बघतो. संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या पदरात किती पडलं असेल, तर इतरांएवढंच. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची झाली असती तर अण्णांचा नंबर पहिला होता.

आणि तो चौकोन? कधीकधी अण्णा टेअर दाबायला विसरायचे, ज्ञानेश्वराचा नंबर टाकून झाल्यावर त्यांना आठवायचं. मग आधी शून्य टेअरवर पडायचा आणि लगेच टेअरचा खरा आकडा त्या शून्यावर पडायचा. वजन बरोबर. पण नावाच्या शेवटी 'संपलं' ही खूणच उरायची नाही. डिस्प्लेचं फंक्शन शून्य सापडेपर्यंत वाचत सुटायचं, ते 32 बाइट ओलांडून थेट टेअरमध्ये शिरायचं आणि तिथला एए नावाचा भाग समजून छापायचं. त्याचा चौकोन व्हायचा. म्हणजे लिहिणं कुंपणाबाहेर गेलं की तूट, आणि वाचणं कुंपणाबाहेर गेलं की चौकोन. दोन्ही एकदम कधीच नाही. मी गेलो त्या दिवशी साहेब येणार या गडबडीत अण्णा टेअर विसरले होते.

दुरुस्ती एका चिन्हाची. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून नावं हाताळणारा सगळा कोड काढून लिनक्सवर वेगळा चालवून बघितला. व्हॅलग्रिंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या अवजारानं सगळं आलबेल सांगितलं, आणि ते अपेक्षितच होतं: त्याचं मेमचेक मॅलॉकनं (प्रोग्रॅम चालू असताना मागून) घेतलेल्या मेमरीवर तीक्ष्ण नजर ठेवतं, पण ग्लोबल किंवा स्टॅकवरच्या ॲरेच्या हद्दी ते तपासत नाही. मग ॲड्रेस सॅनिटायझर लावला. गूगलमधल्या मंडळींनी 2012 साली त्यावर निबंध मांडला आणि पुढच्या वर्षी जीसीसी या कंपायलरच्या 4.8 आवृत्तीत तो आला. कंपाइल करतानाच तो प्रत्येक ग्लोबलभोवती निषिद्ध पट्टा आखतो आणि दर आठ बाइटांमागं एका बाइटात नोंद ठेवतो, की इथं पाय ठेवायला परवानगी आहे की नाही. चालवल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल अक्षरांत उत्तर: 33 बाइटचं लिखाण, जागा 32 ची, फाइल अमुक, ओळ तमुक. दहा दिवस, एक एसटीचा प्रवास, एक काटेवाला आणि एक केबल विरुद्ध हे. मी खुर्ची मागं सरकवून थोडा वेळ छताकडं बघत बसलो.

सॅनिटायझर त्या चिपवर मावत नाही, म्हणून त्याची आठवणच झाली नव्हती. डब्यातला कोड डब्यातच तपासायचा हा कुठला नियम, माहीत नाही. आता आमच्याकडं रोज रात्री नावं, दर, स्लिप एवढा भाग पीसीवर सॅनिटायझरखाली चालतो. चाचणीची नावं त्या साताऱ्याच्या मुलीनं निवडली आहेत. त्यात 'ज्ञानेश्वर 2' पहिला आहे, आणि त्याच्यामागं 31, 32, 33 बाइटांची नावं शोधायला तिनं आख्खी दुपार घालवली. जोडाक्षरांची नावं तिला फार आवडतात. हार्डवेअरचे चार पहारेकरी अजूनही लागतात, विशेषतः इंटरप्टच्या भानगडीत, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

कंपनीनं संस्थेला वर्षभराची देखभाल फुकट दिली. जास्तीचे पैसे सभासदांकडून परत घ्यायचे का, यावर पंच मंडळींची म्हणे दोन तास बैठक झाली आणि शेवटी विषय सोडून देण्यात आला. मी नवीन फर्मवेअर घेऊन पुन्हा गेलो. संस्थेत बसून चार लोकांसमोर सांगितलं की चूक डब्यात होती आणि डब्यात ती मी घातली होती. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चहात साखर जास्त घालायला सांगितली एवढंच.

नव्या फर्मवेअरमध्ये ती 200 ग्रॅमची सोयही काढून टाकली होती. त्याच रात्री, मी स्वारगेटला उतरतोय तोवर फोन.

"साहेब, रिकामी बादली पस्तीस ग्रॅम दाखवतीया."

"दूध राहिलं असेल तळाला, अण्णा."

"ऱ्हायलंय की. पर आधी शून्य दाखवायचं."

"दाखवू दे," म्हटलं.